विस्तव, पाणी, उंची

नर्सने आठवणी लिहायच्या म्हटलं की वाचणाऱ्यांना दोन गोष्टी हव्या असतात. एक अडलेली बाळंतीण, दुसरी कॉलऱ्याची साथ. माझ्या पोतडीत दोन्ही भरपूर आहेत आणि दोन्हीकडे मी चांगली शहाणी दिसते. म्हणूनच त्या यंदा बाजूला ठेवते. ऐन दिवाळीत माणसाने स्वतःलाच किती ओवाळून घ्यायचं. त्यापेक्षा ज्या कामात माझं डोकं कधी ठिकाणावर राहिलं नाही त्याबद्दल लिहिते. फेफऱ्याची मुलं. गुडघे गेले, चष्मा जाड झाला, तरी त्या मुलांसाठी नक्की काय करायला हवं होतं असं कोणी विचारलं तर मी आधी घोटभर पाणी मागते.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. पिंपरीला तेव्हा नवा कारखाना उभा राहिला होता आणि त्याच्या भोवती कामगारांची वसाहत. वसाहत म्हणजे एका रांगेत बसवलेल्या खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी, आणि त्यापलीकडे बाभळीचा माळ. माळाच्या पल्याड निर्वासितांची छावणी आणि तिचा बाजार. माणसं सगळीकडची. साताऱ्याची, नगरची, कोकणातली, आणि चाकणच्या बाजूच्या गावांतून घोंगडी-भांडी घेऊन आलेली. वसाहतीच्या दवाखान्यात एक डॉक्टर, एक कंपाउंडर आणि मी. डॉक्टर नुकतेच शिकून आलेले, गोरेगोमटे, रागवायचं कसं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते खातं माझ्याकडे होतं.

सकाळी मलमपट्ट्या, सुया उकळणं, देवीची लस. दुपारी घरभेटी. घरभेट म्हणजे बॅग घेऊन रांगेने खोल्या हिंडायच्या, बाळंतिणी बघायच्या, आणि दवाखान्यात सांगितलेलं घरी होतं का ते तपासायचं. बहुधा होत नसे. घरभेटीत मी एक गोष्ट शिकले. दवाखान्यात माणूस 'हो बाई' म्हणतो ते आपल्याला बरं वाटावं म्हणून. तो खरं काय करतो ते त्याच्या चुलीपाशी बसल्यावर कळतं.

आता फेफऱ्याचं. गावाकडची माणसं आकडी म्हणत, कोणी घुरं म्हणे, कारखान्यातले फीट म्हणू लागले होते. मूल खेळता खेळता ताठ होतं, पडतं, हातपाय झाडतं, तोंडाला फेस येतो, कधी कपडे ओले होतात. थोड्या वेळाने ते आपलं आपण थांबतं, मूल गाढ झोपतं, आणि उठल्यावर विचारतं, काय झालं. आपण करायचं ते फार नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं आणि वाट बघायची. आमच्या वेळी दातांत कापडाची घडी घालायला शिकवत. मी ती मोठ्या तोऱ्यात शेकडोंना शिकवली. आता म्हणतात तोंडात काही म्हणून घालायचं नाही. म्हणजे बघा, जे मला पक्कं येत होतं तेही चूकच होतं.

पण वाट बघणं याला लोक इलाज मानत नाहीत. कांदा फोडून नाकाशी धरायचा, पायातली वहाण हुंगवायची, मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबायचा. एक मशीनवाला गडी मला गंभीरपणे विचारायला आला, "बाई, कांदा पांढरा बरा का तांबडा?" मी म्हटलं, दोन्ही नको. तो विचारात पडला आणि हळूच म्हणाला, "म्हंजे लसूण." हसावं की कपाळाला हात लावावा ते मला समजेना. कांद्याने कोणाचं वाईट होत नव्हतं. वाईट व्हायचं ते फेसामुळे. फेसाला हात लागला की आपल्यालाही लागण होते अशी समजूत होती, त्यामुळे मूल पडलं की माणसं कांदा लांबून फेकायची पण जवळ जायची नाहीत.

हिरा माझ्याकडे आली ती आईच्या पदराला बांधलेली. हे मी अलंकार म्हणून सांगत नाही. गंगूबाईने लुगड्याच्या पदराचं टोक पोरीच्या मनगटाला गाठ मारून बांधलं होतं. चाकणकडच्या निघोज्याची मंडळी, बाप बबनराव कारखान्यात हेल्पर. पोरगी नऊ-दहा वर्षांची, काळीसावळी, डोळे एकदम जागे. गावाकडच्या शाळेत दोन यत्ता झाल्या होत्या. इथे नाव घातलं आणि पहिल्याच महिन्यात ती वर्गात पडली. दुसऱ्या दिवसापासून गंगूबाईने तिला घरीच ठेवलं.

"कवापास्नं येतं?" मी विचारलं.

"चवथं सरलं तवापास्नं," गंगूबाई म्हणाली. "पैल्यांदा येकदा आला. मग इसरला. आता ध्यानच ठेवून ऱ्हातो."

ती आकडीबद्दल 'तो' म्हणायची, वसुलीला येणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं. डॉक्टरांनी पोरीला तपासलं, छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि समजावून सांगायला माझ्याकडे पाठवलं. माझं सांगणं तोंडपाठ होतं. गोळी दोन वेळा, जेवल्यावर. एकही दिवस चुकवायची नाही. विस्तवाजवळ एकटं जाऊ द्यायचं नाही, पाण्यावर एकटं जाऊ द्यायचं नाही, उंचावर एकटं चढू द्यायचं नाही. विस्तव, पाणी, उंची. गंगूबाईने तिन्ही शब्द ओठांतल्या ओठांत म्हटले, देवाची नावं घ्यावीत तसे, आणि निघाली. 'एकटं' हा चौथा शब्द मात्र दवाखान्याच्या पायरीपर्यंतसुद्धा गेला नाही.

पहिल्या घरभेटीला गेले तेव्हा मला ते दिसलं. एका खोलीच्या घरात विस्तव, पाणी आणि उंची वगळली की उरतं काय? एक कोपरा. त्या कोपऱ्यात घोंगडीवर हिरा बसलेली. चूल या भिंतीला, म्हणून ती त्या भिंतीला. विस्तव नको म्हणून सांजवात लावायची नाही. पाणी नको म्हणून आंघोळ ओल्या फडक्याने पुसून. उंची नको म्हणून ओट्यावरसुद्धा बसायचं नाही. ओटा जमिनीपासून वीतभर उंच होता.

"गंगूबाई, ओट्यावर बसली तर काय होतंय," मी म्हटलं.

"तुमीच म्हणला हुतात की बाई, उंचावर न्हाई."

"उंच म्हणजे झाड. माडी."

"पडणाऱ्याला काय वो, ओटा बी माडीच."

 बाई चुकीचं बोलत होती असंही म्हणता येईना. कोपऱ्यातून हिरा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती, भांडणाचा निकाल कोणाच्या बाजूने लागतोय ते बघावं तशी.

गोळ्यांचा गुण आला. आठवड्याला येणारी आकडी थांबली. डॉक्टर खूश, मी खूश. पण महिना भरत आला आणि पोरगी पडली. पुढच्या महिन्यात पुन्हा तसंच. मधे सगळं स्वच्छ, आणि महिन्यातून एकदा धाडकन. डॉक्टरांनी गोळी वाढवली. त्याने आकडी थांबली नाही, पण हिरा सुस्त झाली. ते जागे डोळे अर्धे मिटलेले, बोलणं जड, घास तोंडात तसाच. गंगूबाई म्हणाली, "बाई, हिला बरं करताय का निजवताय?" मी ते डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळी कमी केली. मग वाढवली. मग खिडकीतून बाहेर बघत बसले.

वसाहतीत तोवर निदान झालं होतं. चंद्राचं काम आहे. वद्य पक्षात पडते, चतुर्थीच्या आगेमागे पडते, म्हणजे दुसरं काय असणार? मी हसण्यावारी नेलं. मग घरी येऊन गुपचूप पंचांग बघितलं. माणसं बरोबर होती. प्रत्येक वेळी चतुर्थीचा दुसरा दिवस. मी नर्सिंगच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेली बाई, आणि चंद्राकडे संशयाने बघू लागले. डॉक्टरांना सांगावं तर ते काय म्हणतील, न सांगावं तर पोरीचं काय. शेवटी सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "कॉलेजात चंद्राचा धडा नव्हता हो."

पुढच्या महिन्यात संकष्टीच्याच दिवशी मी दुपारी मुद्दाम गेले. गंगूबाई नळावर होती. हिरा कोपऱ्यात रताळं खात बसली होती.

"आज गोळी घेतलीस का?" मी सवयीने विचारलं.

"आज न्हाई," हिरा म्हणाली. "आज जेवान न्हाई."

"म्हणजे?"

"आज चतुर्थी हाय. आयनं चिंचवडच्या मोरयाला नवस बोललाय. आकडी जायपातूर मी उपास करायचा. गोळी जेवल्यावर. जेवान न्हाई तर गोळी न्हाई."

तिने हे मला असं सांगितलं की मीच थोडी मंद असावी. फराळ झाला होता, पण फराळ म्हणजे जेवण नव्हे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि चंद्र उगवून नैवेद्य होईतो पोर पेंगलेली असायची. आई तिला उठवून चार घास भरवायची, आणि अर्धवट झोपेत ठसका लागेल म्हणून गोळी द्यायची राहायची. दिवसभर गोळी नाही, पोट अर्धंच भरलेलं, झोपमोड झालेली. दुसऱ्या दिवशी आकडी नाही आली तरच नवल. आणि आकडी आली की गंगूबाई पुढच्या महिन्यात उपास आणखी कडक करायची.

'जेवल्यावर' हे आम्ही येईल त्याला सांगायचो, पोट बिघडू नये म्हणून. सगळ्या दवाखान्यांत सांगत. ते कोणी इतकं खरं मानत असेल हे माझ्या स्वप्नात नव्हतं.

गंगूबाई हंडा घेऊन आली तेव्हा मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं, गोळीला जेवणाची अट नाही, उपासाच्या दिवशी पाण्याबरोबर द्यायची, औषधाने उपास मोडत नाही. तिने सगळं नीट ऐकलं. हंड्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी उपास धरला म्हून यायची?"

"उपासामुळे नाही. गोळी चुकली म्हणून."

"येकच की वो बाई."

"एकच नाही."

"मग इस्कटून सांगा."

मला विस्कटून सांगता येईना. बाईने पोरीसाठी देवाला जे देता येईल ते दिलं होतं, आणि त्यातूनच दर महिन्याला आकडी येत होती. हे कुठल्या शब्दांत सांगायचं असतं? मी बॅगेचा पट्टा उगाच घट्ट केला आणि डॉक्टरांनी बोलावलंय असं काहीतरी म्हणून उठले. रस्त्यात मला रडू आलं. गंगूबाईचं आलं, हिराचं आलं, की उन्हाचं, कुणास ठाऊक.

तिने उपास सोडला नाही. पण त्या महिन्यापासून चतुर्थीला गोळी दिली, आणि आकडी थांबली. पुढचा महिना कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. डॉक्टरांनी गोळी निम्म्यावर आणली. हिराचे डोळे पुन्हा उघडले. गंगूबाई चिंचवडला जाऊन नारळ फोडून आली आणि अर्धी वाटी दवाखान्यात आणून दिली. नारळ कोणाच्या नावाचा हे मी विचारलं नाही. खोबरं गोड होतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी आज बाळंतिणींबद्दलच लिहिलं असतं. आकडी गेली, पण हिरा कोपऱ्यातच राहिली. मनगटाची गाठ फक्त सैल झाली. शाळेचं विचारलं तर गंगूबाई म्हणे, "बघू की, जरा थांबून." मला वाटलं शाळाच आडवी येत असेल. मी पदर खोचून हेडमास्तरांकडे भांडायला गेले. जाताना चार वाक्यं पाठ केली होती. हेडमास्तर म्हणाले, "अहो, पाठवा ना. माझ्या धाकट्या भावालाही होतं. मी बसवतो तिला माझ्या टेबलाजवळ." माझी चारही वाक्यं पोटात राहिली. शाळेचं दार उघडं होतं, मास्तर भला होता, गोळी लागू पडत होती, आणि पोरगी घोंगडीवर बसून होती. आता भांडायचं कोणाशी?

याच काळात छावणीच्या बाजारात करीमभाईंशी माझी खडाजंगी चालू होती. करीमभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांचा युनूस हिराच्याच वयाचा, त्यालाही हाच आजार. त्याला गोळी तितकीशी लागू पडत नव्हती, आकडी महिन्या-दीड महिन्याला यायचीच. आणि करीमभाई त्याला सायकल चालवू द्यायचे. भुवईवर खोक, कोपर सोललेलं, पुढचा अर्धा दात गेलेला, आणि पोरगा भाड्याच्या सायकलीवर एक हात सोडून माझ्यासमोरून जायचा.

"करीमभाई, एक दिवस हा ट्रकखाली जाईल," मी म्हटलं.

"मोठ्या रस्त्याला नाही सोडत बाई. माळावर चालवतो."

"माळावर काय दगड नाहीत?"

"आहेत ना. पडतो, मी उचलतो." ते चाकाच्या तारा घट्ट करत होते, मान वर न करता म्हणाले, "तुम्ही सांगा बाई, त्याला बसवून ठेवला तर येणार नाही काय?"

"येईल."

"मग बसून यावी का चालवताना यावी, एवढाच सवाल."

मी चिडले. त्यांना निष्काळजी म्हणाले, बाप आहात का कोण आहात म्हणाले. त्यांनी शांतपणे मला चहा मागवला. आणि तो चहा पोटात असतानाच मी गंगूबाईच्या घरी गेले आणि तिला सांगू लागले की पोरीला जरा सोडा, पडली तर उचलता येईल. बोलता बोलता माझ्याच कानाला ते ओळखीचं वाटलं. सकाळी ज्याला शिव्या दिल्या त्याचंच वाक्य दुपारी मी शहाणपण म्हणून वाटत होते. करीमभाई आणि गंगूबाई यांची कधी गाठ पडली नाही हे माझं नशीब. दोघांनी मिळून विचारलं असतं, बाई, नक्की काय, तर मी त्यांना एकमेकांकडेच बोट दाखवलं असतं.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "युनूसला थोडं आवरा आणि हिराला थोडं सोडा." थोडं म्हणजे किती, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. युनूसला बघितलं की मला धडकी भरायची आणि हिराला बघितलं की गुदमरायचं. एक पोर जखमांनी भरलेलं आणि दिवसभर हसणारं. दुसरीच्या अंगावर ओरखडा नाही, आणि तिला हसताना मी एकदाच पाहिलं होतं, मी ओट्यावरून पाय घसरून पडले तेव्हा. बरं कोणाचं चाललं होतं? दवाखान्याच्या भाषेत हिराचं. तिथे आकड्या मोजायची सोय होती. बाकीचं मोजायची नव्हती.

त्या वर्षी थंडीत वसाहतीत तापाची साथ आली. घरटी एक माणूस अंथरुणावर. मी बॅग घेऊन खोल्याच खोल्या हिंडत होते. एका दुपारी गंगूबाईच्या दारात गेले तर चूल थंड. गंगूबाई तापाने फणफणलेली, वाकळ अंगावर घेऊन पडली होती. बबनराव पहिल्या शिफ्टला. शेजारची दोन्ही घरं तापाने आडवी. आदल्या दिवसापासून घरात कोणी धड जेवलं नव्हतं. हिरा कोपऱ्यात बसलेली.

मी ताप बघितला, गोळ्या काढून ठेवल्या, कपाळावर पट्टी ठेवली. गोळी उपाशीपोटी नको म्हणून चार घास तरी पोटात जायला हवे होते. 'जेवल्यावर' म्हणायची तर माझी आता जीभच उचलत नव्हती. मी म्हटलं, "थांबा, मी भाकरी टाकते." आणि पदर खोचला.

"मी करती," हिरा म्हणाली.

गंगूबाईने वाकळीतूनच मान हलवली. "न्हाई."

"मला येती आय."

"तुला कशी येईल? कधी केलीय का?"

"रोज बघती की. इथनं."

खरंच होतं ते. इतके महिने त्या कोपऱ्यातून तिला दुसरं बघायला होतं काय? मी म्हटलं, "हिरा, आज मी करते. तू पुन्हा कधी कर." माझ्या आवाजात गंगूबाईचं तेच ते 'जरा थांबून' होतं. हिराने माझ्याकडे बघितलं. ती रडली नाही, हट्टाने पाय आपटले नाहीत. सकाळी काय खाल्लं ते सांगावं तशी म्हणाली,

"आकडी आली की मला काय बी कळत न्हाई, बाई. ती तुमालाच दिसती. मला ह्ये बसून ऱ्हायाचं तेवढं कळतं."

 मी इतकी वर्षं हा आजार बाहेरून बघत होते. तो फेस, ते झाडणं, ते ओले कपडे. त्या मुलांच्या वाट्याला त्यातलं काहीच येत नव्हतं. त्यांच्या वाट्याला यायचं ते बाकीचं सगळं, आणि ते आम्ही देत होतो. हे मला तिथे स्वच्छ कळलं असं म्हणायला मला आवडेल. तसं काही झालं नाही. मला फक्त चूल दिसत होती, आणि त्या चुलीत तोंडावर पडलेली पोर दिसत होती.

गंगूबाई कोपरावर उठून बसली. तापाने लाल झालेले डोळे माझ्यावर रोखून म्हणाली, "बाई, तुमी सांगा. इस्तवाजवळ न्हाई हे तुमीच सांगितलं हुतं. आता करू द्यावी म्हणताय तर तसं सांगा. मी ऐकीन."

"येणारच नाही असं मला सांगता येणार नाही, गंगूबाई."

"त्ये म्या इचारलंच न्हाई. करू दिऊ का नको, येवढंच सांगा."

इतकी साधी गोष्ट मला जन्मात कोणी विचारली नव्हती. हो म्हटलं आणि झालं तर? नाही म्हटलं तर उद्या काय, परवा काय, त्या कोपऱ्यातच हिला म्हातारी करायची का? डॉक्टर असते तर त्यांना विचारलं असतं. ते खिडकीतून बाहेर बघत बसले असते. मी हिराला म्हटलं, "ये. मी शेजारी बसते."

तिने चूल पेटवली. काटक्या आधी, वर जाडी लाकडं, फुंकणीने बेताची फुंकर, डोळे बारीक करून. परातीत बाजरीचं पीठ घेतलं, मध्ये आळं केलं, पाणी घातलं. माझा एक हात तिच्या पाठीमागे, अंगाला न लावता, तयार. तिच्या पापण्या लवल्या तरी मी पुढे सरकायचे. ती मात्र पिठात रमली होती. गोळा मळला, परातीत थापायला लागली. थाप, थाप, थाप. हात छोटे, भाकरी एका बाजूला जाड, दुसरीकडे चिरलेली. ती उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. तव्याची वाफ आली तशी ती किंचित मागे सरली आणि मी तिचा दंड धरला. तिने माझा हात बाजूला केला. तिकडे गंगूबाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

भाकरी उलटली, मग तवा उतरवून निखाऱ्याशी उभी केली. ती एका बाजूला फुगली आणि दुसऱ्या बाजूला करपली. हिराने ती झटकली, ताटलीत ठेवली, वर चटणीची चिमूट घातली, आणि पहिली भाकरी आईला द्यायची सोडून माझ्यापुढे केली. मी पाहुणी होते.

मी तुकडा मोडला. कडा कच्ची, मध्ये कोळसा, मिठाचा पत्ता नाही. मी चावत राहिले. चूल ढणढण पेटलेली होती. आता पुरे, विझव, हे अगदी माझ्या ओठांवर येऊन ठेपलं होतं. गंगूबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. हिरासुद्धा.

मी शेवटचा तुकडा गिळला, ताटली पुढे केली आणि म्हटलं, "अजून एक टाक."